तिसऱ्यांदा धरतो

२०१६ चा ऑक्टोबर. दिंडोरी तालुक्यात द्राक्षांच्या गोडी छाटण्या चालू होत्या आणि मी नाशिकला, गंगापूर रोडवरच्या आमच्या लहानशा ऑफिसात, एका ११ केव्ही शेती फीडरचा, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या वीजवाहिनीचा, लोड फ्लो (कुठे किती व्होल्टेज आणि करंट राहतो याचा हिशेब) घेऊन बसले होते. काम सल्लागार म्हणून आलेलं. फीडरच्या शेवटाला व्होल्टेज पडतं, मोटरी जळतात, तर तार बदलायची, कपॅसिटर बसवायचा की नवा फीडर काढायचा, एवढंच विचारलेलं. उत्तर आकड्यांत हवं होतं आणि सोमवारी हवं होतं. ज्या दिवसाबद्दल सांगतेय तो त्याच्या आधीचा शुक्रवार.

माझे वडील एकलहऱ्याच्या थर्मलला होते. त्यामुळे वीज तयार कशी होते हे मला शाळेत असतानाच माहीत होतं: २१० मेगावॉटचे संच, कोळशाच्या वाघिणी, रात्री कॉलनीतून दिसणारे चिमण्यांवरचे लाल दिवे. ती पोचते कशी, हे मात्र कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि तेव्हापासून माझा जीव याच विषयात अडकला आहे.

जाळ्यातल्या प्रत्येक बसपाशी, म्हणजे तारा जिथे एकत्र येतात त्या सांध्यापाशी, चार गोष्टी असतात: व्होल्टेज, त्याचा कोन, खरी शक्ती आणि रिअॅक्टिव्ह शक्ती (जी काम करत नाही, नुसती ये-जा करते). दोन माहीत असतात, दोन काढायच्या असतात. लोडच्या बसवर शक्ती माहीत, व्होल्टेज नाही. जनरेटरच्या बसवर खरी शक्ती आणि व्होल्टेज माहीत, बाकीचं नाही. आणि एक बस अशी ठेवावी लागते जी सगळ्यांची तूट भरून काढते, कारण तारांत किती शक्ती वाया जाणार हे उत्तर येईपर्यंत कुणालाच माहीत नसतं. तिला स्लॅक बस म्हणतात. फीडरच्या हिशेबात उपकेंद्राची ११ केव्ही बस हीच स्लॅक.

अवघड काय आहे? मोटर करंट मागत नाही, काम मागते. विहिरीतलं पाणी वर यायला जेवढी शक्ती लागते तेवढी ती ओढणारच. व्होल्टेज पडलं की तेवढ्याच कामासाठी करंट वाढतो, करंट वाढला की तारेत व्होल्टेज आणखी पडतं, आणि मग करंट आणखी वाढतो. त्यामुळे समीकरण सरळ रेषेचं राहत नाही. एक अंदाज धरायचा, चूक किती निघते ते पाहायचं, अंदाज सुधारायचा, पुन्हा पाहायचं. वॉर्ड आणि हेल या दोघांनी १९५६ मध्ये हे डिजिटल संगणकावर मांडून दाखवलं. १९६७ मध्ये टिन्नी आणि हार्ट यांनी न्यूटनची पद्धत व्यवहारात आणली, आणि ज्या जाळ्यांना आधी शेकडो फेऱ्या लागायच्या ती चार-पाच फेऱ्यांत सुटू लागली. आमच्या फीडरसारख्या, एकाच टोकाने पुरवठा असलेल्या आणि रोध जास्त असलेल्या लाइनला मात्र न्यूटन कधीकधी अडखळतो. तिथे साधी पद्धत बरी: फीडर झाडासारखा धरायचा, शेंड्याकडून बुंध्याकडे करंट जमवत यायचं आणि बुंध्याकडून शेंड्याकडे व्होल्टेज उतरवत जायचं. दोन फेऱ्यांतला फरक नगण्य झाला की उत्तर बसलं. आमच्या ऑफिसात आम्ही 'बसलं' म्हणतो. नाही बसलं तर 'फुटलं'.

त्या सकाळी तिसरी केस फुटली.

तीन केसेस होत्या. सगळ्यात जास्त लोडची पहिली, सगळ्यात कमी लोडची दुसरी. पहिलीत उपकेंद्राच्या लॉगबुकातले १४० अँपिअर धरले होते. ११ किलोमीटरची लाइन, पहिले ८ किलोमीटर रॅबिट आणि शेवटचे ३ विझल, असं कागदावर होतं. तारांना ही जनावरांची नावं इंग्रजांच्या काळापासून चिकटली आहेत: डॉग, रॅबिट, विझल, स्क्विरल. जनावर जेवढं लहान तेवढी तार बारीक. उपकेंद्राची बस ११ ऐवजी १०.४ केव्हीवरच होती, कारण मागची ३३ केव्ही लाइनच दमलेली. तरी उत्तर बसत होतं. शेवटाला नऊच्या जरा खाली. वाईट, पण सुटण्यासारखं.

तिसरी केस म्हणजे वीज आल्या क्षणाची. शेती फीडरला थ्री फेज तेव्हा पाळीने मिळायची, आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री. बहुतेक विहिरींवर ऑटोस्विच असतो. रात्री दहाला फीडर चालू झाला की माणूस घरी झोपलेला असला तरी मोटर आपोआप उठते. सगळ्याच उठतात, एकदम. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. मी तेवढी शक्ती सगळ्या डीपींवर (विहिरींना वीज देणाऱ्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरांवर) घातली आणि प्रोग्रॅम चाळिसाव्या फेरीत थांबला. व्होल्टेजचे आकडे एकमेकांपासून दूर पळत होते.

ऑफिसातले सर म्हणाले, "स्थिर शक्ती घातलीस तर फुटणारच. सुरू होणारी मोटर इंपिडन्स म्हणून घाल."

बरोबर होतं ते. उभी मोटर अजून काम मागत नसते, ती नुसती एक गुंडाळी असते, व्होल्टेज पडलं तर करंटही पडतो. मी बदल केला. उत्तर बसलं, पण काय बसलं? शेवटाला ४९ टक्के व्होल्टेज. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, म्हणजे अर्ध्या व्होल्टेजला जोर पाव. असल्या जोरावर पंप वेग घेणार कसा? आणि रोज रात्री तर मोटरी चालू होतातच की. लॉगबुकात स्पष्ट लिहिलंय: २२:०० फीडर चालू, १४० अँपिअर. मग माझीच केस अतिशयोक्त असणार असं मी धरलं. सगळ्या मोटरी एकदम नाही, २० टक्केच एकदम सुरू होतात असं गृहीत घातलं. तक्ता हिरवा झाला.

त्या २० टक्क्यांना माझ्याकडे काहीही आधार नव्हता. तो आकडा घातला की उत्तर नीट येत होतं, एवढीच त्याची पात्रता. हे मी आज इतक्या स्पष्टपणे लिहू शकते, त्या दुपारी मात्र मी अहवालात 'योग्य विविधता गुणांक धरून' असं टाइपसुद्धा केलं होतं. वाक्य दिसायला चांगलं होतं. पण मनाला टोचत राहिलं, म्हणून शेवटी उपकेंद्राच्या ऑपरेटरला फोन लावला.

"दादा, रात्री दहाला फीडर चालू केल्यावर अँपिअर किती दाखवतं?"

"कधी चालू केल्यावर?"

"म्हणजे? दहाला."

"नाही, पहिल्यांदा का तिसऱ्यांदा, असं विचारतोय मी. पहिल्यांदा काटा पार टोकाला जातो मॅडम, फीडर धरतच नाही. ओव्हरकरंटला ट्रिप. मग जरा थांबून परत चार्ज करायचा. परत ट्रिप. तिसऱ्यांदा धरतो. मग एकशेचाळीस."

"लॉगबुकात हे नाही."

"धरला की लिहितो ना."

मी फोन ठेवला आणि सरांना सांगितलं की आज रात्री तिकडे जाऊन येते. सर म्हणाले, गाडी घेऊन जा, चार्जर विसरू नकोस.

म्हसरूळ सोडलं तेव्हा चार वाजले होते. ढकांब्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छाटलेल्या बागा, उघड्या काड्या, मध्येच कुठे पेस्ट लावणारी माणसं. छाटणीनंतर बागेला पाणी चुकून चालत नाही. डोळे एकसारखे फुटले नाहीत तर वर्षभराची बाग मागेपुढे होते. आमच्या हिशेबात जे 'लोड' असतं ते इथे हे असतं.

उपकेंद्रावर वायरमन दादा वाट बघत होते. वय पन्नाशीच्या पुढे, या फीडरवर बावीस वर्षं. मी नकाशा उघडला आणि एकेका तुकड्याची तार विचारत गेले. चार किलोमीटरला ओहोळ लागतो, तिथपर्यंत सगळं जुळलं. तिथून आठ किलोमीटरपर्यंत कागदावर रॅबिट.

"विझल आहे ती," ते म्हणाले.

"पण बदललेली दाखवलीय."

"ओहोळापर्यंत बदलली. पुढचं सामान आलंच नाही. काम पूर्ण म्हणून कागद झाला."

खालून बघून ठरवता येत नाही. दोन्ही तारा सात पदरी, सहा ॲल्युमिनियमचे आणि मधला एक पोलादी. फरक आहे तो जाडीचा. दादांनी गाडीच्या डिकीतून वीतभर तुकडा काढला. मे महिन्यात ओहोळापलीकडे तार तुटली होती, जोडताना उरलेला तुकडा त्यांनी काहीबाही बांधायला ठेवून दिला होता. माझ्या पिशवीत व्हर्नियर होता. एका पदराचा व्यास २.५९ मिलिमीटर भरला. रॅबिटचा ३.३५ असतो. ऐकायला हा फरक काहीच नाही, पण क्षेत्रफळ काढा: रॅबिट दीडपटीहून जाड पडते, आणि तेवढ्याच पटीने विझलचा रोध जास्त. लाइनच्या मधल्या चार किलोमीटरचा रोध मी निम्म्याहून थोडाच जास्त धरला होता. तीन आठवडे मी जो फीडर सोडवत होते तो दिंडोरीत नव्हताच.

तिन्हीसांज झाली तेव्हा आम्ही मोटरसायकलवरून शेवटच्या डीपीपाशी पोचलो. कादवेच्या काठापासून जरा वर, उताराला. या भागातल्या शेवटच्या तीन डीपींवर मिळून बारा विहिरी. त्यातली एक आप्पांची. सत्तरीला आलेले, दोन एकर थॉमसन द्राक्षं, चार दिवसांपूर्वी छाटणी झालेली. विहिरीजवळ पत्र्याची खोली, खोलीत स्टार्टर, बाज, एक बल्ब.

"ताई, तुम्ही बघायला आल्या हे बरं झालं," ते म्हणाले. "आम्ही सांगतो तर म्हणतात रेकॉर्डला व्होल्टेज आहे."

जेवण त्यांच्याकडेच झालं. बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, वांग्याचं भरीत. जेवताना आप्पांनी सांगितलं की गेल्या दोन वर्षांत मोटर तीनदा भरली. रिवाइंडिंगचा खर्च एक गोष्ट, पण मोटर दुकानात चार दिवस अडकते आणि त्या चार दिवसांत बागेचं काय करायचं, हे त्यांचं म्हणणं. शेजारच्या एकाने तर ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट वाढला की मोटर बंद पाडणारा, तारेने बांधूनच टाकला होता, सारखा पडतो म्हणून. पुढे त्याची मोटर अशी जळली की भरण्यासारखीही उरली नाही.

पावणेदहाला मी डीपीच्या पेटीवर मीटर लावला. दादा उजेड धरून उभे. ऑपरेटर फोनवर.

"मॅडम, चार्ज करतो."

बल्ब लागला. लागला म्हणजे आतली तार निखाऱ्यासारखी लाल झाली, उजेड काही पडला नाही. मीटरवर दोन फेजमध्ये २१२ व्होल्ट. तिथे ४०० च्या वर हवेत. आणि मग आवाज ऐकू आला. मोटर चालते तो आवाज मला माहीत आहे. हा तसा नव्हता. आप्पांची मोटर, पलीकडची, ओहोळाच्या बाजूची, सगळ्या विहिरींतून एक जाड घुमणारा आवाज, एकाच पट्टीतला, चढत नव्हता आणि उतरतही नव्हता. मोटरी उठायचा प्रयत्न करत होत्या आणि उठत नव्हत्या. सात-आठ सेकंद. मग काळोख.

"गेला," फोनवर ऑपरेटर.

२१२ भागिले ४३३ म्हणजे ४९ टक्के. सकाळी ज्या आकड्याला मी अतिशयोक्ती म्हणून खोडलं होतं तो माझ्या हातात मीटरवर उमटला होता. तार चुकीची धरूनही दोन्ही आकडे इतके जुळले हा योगायोगच म्हणायचा. पण त्या क्षणी ते काही सुचलं नाही. अंगावर काटा आला एवढं आठवतं. सकाळी प्रोग्रॅमला जे उत्तर सापडत नव्हतं, ते समोर अंधारात या बारा मोटरींनाही सापडत नव्हतं.

दुसऱ्यांदा चार्ज झाला तेव्हा २४० च्या आसपास आलं. घुमणारे आवाज कमी होते. परत ट्रिप. तिसऱ्यांदा बल्ब पिवळा झाला, हलला, आणि टिकला. मीटर हळूहळू चढत ३१८ वर थांबला. दूर खाली, उपकेंद्राच्या बाजूला, पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला.

"धरला मॅडम. १३८."

आप्पांची मोटर बंद होती. रिले पडला होता. ते उठले, बॅटरी घेऊन स्टार्टरपाशी गेले, हिरवं बटण दाबलं. घुमली, पडली. पाच मिनिटांनी परत. घुमली, पडली. बारांपैकी चार विहिरी चालू होत्या. बाकीच्या आठ गप्प.

"आता काय?" मी विचारलं.

"आता बसायचं. दोन-अडीचला वरच्यांची भरणी उरकते, मग व्होल्टेज येतं. तेव्हा उठते ही."

"म्हणजे तुम्ही रोज दोनपर्यंत जागे?"

"रात्रपाळीच्या आठवड्यात रोज."

तेव्हा मला तो फीडर खरा कळला. प्रत्येक ट्रिपबरोबर काही मोटरींचे रिले पडत होते, आणि पडत होते ते शेवटाकडचेच, कारण व्होल्टेज तिथेच सगळ्यात कमी. दोनदा गाळून जेवढे उरायचे तेवढ्यांना फीडर धरायचा. लॉगबुकातले १४० अँपिअर म्हणजे या फीडरची गरज नव्हती. ते गळून उरलेल्यांचे अँपिअर होते. आणि आम्ही सगळे, लॉगबुकापासून माझ्या पहिल्या केसपर्यंत, त्या उरलेल्यांवरच हिशेब करत होतो. आप्पा त्यात कुठल्याच फेरीत नव्हते.

ऑपरेटरला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. खऱ्या फॉल्टवर वारंवार चार्ज करणं धोक्याचं असतं हे तो जाणून होता, आणि दहा वाजून दोन मिनिटांनी फीडर बंद राहिला तर त्याचा फोन कसा वाजतो हेही. रकाना एकच होता, त्यात त्याने एकच आकडा लिहिला.

रात्री एक वाजता घरी पोचले, झोप लागेना. लॅपटॉप उघडून नवीन मॉडेल मांडलं: ओहोळापुढे विझल, शेवटाला सगळ्या बारा विहिरी. नुसतं लॉगबुकाचं लोड धरलं तर शेवटाला ८.६ केव्ही, म्हणजे माझ्या मीटरच्या ३१८ शी जुळणारं. गळालेले धरले तर ७.४. आठव्या फेरीला मिळणारं उत्तर आता तिसाव्या फेरीला मिळत होतं, आणि थोडं लोड वाढवलं की आणखी उशिरा. उत्तर यायला फेऱ्या वाढत जाणं ही ज्याच्या पुढे व्होल्टेज कोसळतं त्या कड्याच्या जवळ आल्याची खूण असते. शनिवारी सर आले तेव्हा त्यांनी टोकियोची गोष्ट काढली. २३ जुलै १९८७, उन्हाळ्याची दुपार, जेवणाच्या सुट्टीनंतर वातानुकूलन यंत्रांचं लोड भराभर चढलं, व्होल्टेज पडत गेलं आणि सुमारे ८००० मेगावॉट गेले. तार तुटली नव्हती, संच पडला नव्हता. यंत्रांनी व्होल्टेज पडतंय म्हणून करंट वाढवला, बस्स. "तुझा फीडर तेच रोज रात्री दहाला करतो," सर म्हणाले, "फक्त बातमी होत नाही."

मग उपाय एकेक करून बघितले. ३३/११ चा ट्रान्सफॉर्मर ५ एमव्हीएचा, त्याचे टॅप, म्हणजे व्होल्टेज वर-खाली करायचे टप्पे, पुरवठा बंद करूनच बदलायचे. दोन टॅप बदलले तर बस ११ च्या जवळ येते आणि शेवट ७.४ वरून ८.३ ला. खर्च जवळजवळ शून्य, एकदाच तासभर पुरवठा बंद. लोड नसताना व्होल्टेज फार चढत नाही ना, तेही पाहिलं, चढत नव्हतं. ओहोळापुढच्या चार किलोमीटरला डॉग घातली की शेवट ९.१. लाइनवर ६०० केव्हीएआरचा कपॅसिटर, ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त होती, त्याने जेमतेम ९.२. कारण उघड आहे: कपॅसिटर रिअॅक्टन्समधली, म्हणजे तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे होणारी, पड भरून काढतो, आणि या लाइनमध्ये पड मुख्यतः रोधाची आहे. नियमाप्रमाणे ११ केव्हीला खाली नऊ टक्के म्हणजे १०.०१ हवं. तेवढं फीडर दोन केल्याशिवाय होत नाही, आणि तसं मी अहवालात लिहिलं. 'योग्य विविधता गुणांक' असलेला परिच्छेद पूर्ण काढला. त्या जागी तीन ओळी लिहिल्या: पहिला प्रयत्न, दुसरा प्रयत्न, तिसरा प्रयत्न, प्रत्येक वेळचं व्होल्टेज आणि किती विहिरी गळाल्या ते.

पण नवा फीडर म्हणजे वर्षं, आणि बाग थांबत नाही. दहाच्या ठोक्याचं काय करायचं? ते उत्तर माझ्याकडून नाही आलं.

पुढच्या आठवड्यात गावात मारुतीच्या पारावर बैठक झाली. मी म्हणाले की मोटरी एकदम उठतात हाच खरा घोळ आहे, गट करून मागेपुढे उठवता आल्या तर. लगेच कुरबुर सुरू झाली. आधी कोण, मागे कोण, आम्हीच का थांबायचं. आप्पा कडेला बसले होते. त्यांचं आजोळ बागलाणातलं, मोसम नदीकाठचं. तिकडे फड पद्धतीचं पाणी, म्हणजे पाटाचं पाणी बारीबारीने वाटून घ्यायची जुनी रीत. ते म्हणाले, लहानपणी मामाबरोबर पाटावर जायचो, तिथे पाटकरी ठरवायचा, ज्याची बारी त्याचंच बारं (पाटाचं तोंड) उघडायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. "पाण्याला बारी लावतो तशी मोटरीला लावा. अन् लांबच्याला आधी द्या. त्याला आल्यावर मग जवळच्याला. जवळच्याला कधीपण येतंच."

मी लॅपटॉप तिथेच पारावर उघडला. शेवटचा गट आधी उठवला, बाकी लाइन रिकामी. शेवटाला दोन तृतीयांश व्होल्टेज. पंप उठायला तेवढं पुरतं. दोन मिनिटांनी मधला गट, मग वरचा. सगळ्यात शेवटी उपकेंद्राजवळचे, ज्यांना खरंच कधीही येतं. कुठल्याच टप्प्याला हिशेब फुटला नाही. उलट क्रमाने, म्हणजे जवळचे आधी, असं करून पाहिलं तर चौथ्या गटाला पुन्हा तेच. लोकांना मी आकडे दाखवले नाहीत, फक्त आलेख दाखवला, कुठल्या क्रमात रेषा कुठवर बुडते तो.

एक जण म्हणाला, "म्हणजे मला सहा मिनिटं उशीर."

"दहा तासांतली सहा मिनिटं," वायरमन दादा म्हणाले. "अन् मोटर जळायची नाही तुझीपण."

ऑटोस्विचला उशिराने चालू होणारा रिले जोडण्याचं काम तालुक्याच्या एका मोटर रिवाइंडिंगवाल्याने घेतलं. सोबत पाच एचपीच्या मोटरीला २ केव्हीएआरचे कपॅसिटर, ज्यांनी तयारी दाखवली त्यांना. सगळ्यांनी नाही केलं. वरच्या भागातल्या सात-आठ जणांनी रिले लावलेच नाहीत, दोघांनी महिन्याभरात काढून टाकले. टॅप मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बदलले गेले. तार बदलायला पुढचा उन्हाळा उजाडला.

टॅप बदलल्यानंतरच्या पहिल्या रात्रपाळीला मी नाशिकमध्येच होते. दहा वाजून चार मिनिटांनी ऑपरेटरचा फोटो आला, लॉगबुकाच्या पानाचा. पट्टीने आखून त्याने एक नवा रकाना केला होता, वर लिहिलं होतं 'प्रयत्न'. खाली आधीच्या रात्रपाळीच्या तारखा, ३, ३, २, ३, ३. त्या रात्रीच्या तारखेपुढे १.

मी आप्पांना फोन लावला, मोटर उठली का विचारायला. वाजत राहिला. परत लावला. उचलला नाही. मनात नाही नाही ते आलं. वायरमन दादांना लावावा का असं वाटलं, पण साडेदहा होऊन गेले होते.

सकाळी सातला त्यांचाच फोन आला.

"ताई, रात्री फोन केला होता का? झोपलो होतो ना मी."